अक्षराभोवती जरा जागा सोडा!

“हे पाणी पिऊ.”

आमच्या हॉस्टेलच्या मागे बोअरवेलचे दोन नळ आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या वरच्या भिंतीवर लाल रेडियममध्ये एवढंच लिहिलेलं उरलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, कोणीतरी प्रेमाने आमंत्रण देतंय. फर्स्ट इयरची मुलं नुकतीच राहायला आलेली. त्यातल्या दोघांनी आमंत्रण स्वीकारलं आणि पुढचे दोन दिवस त्यांचा मुक्काम खोलीपेक्षा खोलीबाहेरच जास्त होता. आता पोट बिघडलं ते त्या पाण्याने की त्याच रात्रीच्या मेसच्या वड्यांनी, हे काही शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. पण रेक्टर सर त्या भिंतीसमोर उभे राहिले आणि शांतपणे एकच प्रश्न विचारला, “ ‘नये’ कुठे गेलं?”

‘नये’ खाली मोरीत पडलं होतं. ‘न’ एकीकडे, ‘य’ दुसरीकडे आणि मात्रा तर सापडलीच नाही.

मित्रांनो, ते अक्षर कापणाऱ्यांपैकी मी एक होतो, म्हणून हा लेख. कबुलीजबाब म्हणा हवं तर. पण नुसती कबुली नाही, माझं एक मतही आहे आणि ते जरा ठासून मांडायचंय. आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येकाला एखाद्या आकाराभोवती बाह्यरेषा काढता आली पाहिजे. म्हणजे बटन दाबता आलं पाहिजे असं नाही, त्या बटनाच्या आत काय चालतं ते कळलं पाहिजे.

चार शब्द, बारा तुकडे

झालं असं, की वर्कशॉपमध्ये कागद आणि रेडियम कापायचं एक छोटं मशीन आहे. प्रिंटरएवढंच दिसतं, फक्त शाईच्या जागी पातं. अमेरिकेत हौशी लोक स्क्रॅपबुक आणि ग्रीटिंग कार्डं बनवायला जी मशिन्स वापरतात त्याच जातीचं. (त्यातल्या एका प्रसिद्ध ब्रँडचा उच्चार थेट ‘क्रिकट’ असा आहे, त्यामुळे आपल्याकडे चटकन लोकप्रिय व्हायला हरकत नव्हती!) आम्ही सॉफ्टवेअर उघडलं, फाँट निवडला, “हे पाणी पिऊ नये” टाइप केलं आणि कट दाबलं. पंधरा मिनिटांत काम फत्ते. फोटो काढले, ग्रुपवर टाकले.

घोळ कुठे झाला तो नंतर कळला. देवनागरी अक्षरं आपल्याला शिरोरेषेने जोडलेली दिसतात, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी हे वेगवेगळे आकार असतात. ते एकमेकांवर थोडे चढवलेले असतात म्हणून डोळ्याला सलग वाटतात. पात्याला मात्र डोळे नाहीत. ते प्रत्येक आकाराची कड इमानेइतबारे कापत जातं, चढलेल्या भागातूनसुद्धा. आम्ही मोजलं. ‘हे’चे दोन तुकडे, ‘पाणी’चे चार, ‘पिऊ’चे तीन, ‘नये’चे तीन. चार शब्दांचे बारा तुकडे! ओल्या भिंतीवर बारा वेगळे तुकडे म्हणजे बारा वेगळ्या कडा, आणि कड आली की पाणी आत शिरायला जागा मिळालीच. त्यातून ‘नये’ नेमकं खालच्या ओळीत उजवीकडे, नळाच्या शेजारी. रोज शंभर बादल्या त्याला घासून जाणार.

आणि इथे आपली मराठी आडवी येते. इंग्रजीत मनाई आधी येते, ‘डू नॉट’ पहिल्यांदा आणि मग बाकीचं. मराठीत नकार शेवटी. ‘नये’, ‘नका’, ‘नाही’, सगळे शेपटाला. इंग्रजी पाटीचं शेपूट तुटलं तर मनाई शिल्लक राहते, मराठी पाटीचं शेपूट तुटलं की अर्थच उलटा होतो. रेक्टर सरांनी यावर उपाय म्हणून ‘अपेय पाणी’ असं लिहायला सुचवलं, कारण त्यात नकार पुढे आहे. पण हॉस्टेलमध्ये ‘अपेय’ म्हटल्यावर पोरं कुठल्या दिशेने विचार करतात हे सरांनाही माहीत आहे. हसण्याचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि सूचना मागे घेतली गेली. असो.

मोठं करणं म्हणजे बाह्यरेषा नव्हे

नवी पाटी करायची ठरली तेव्हा एकाने सुचवलं, “अक्षरांची कॉपी काढ, एकशेदहा टक्के मोठी कर, मागे लाव. झाली की आउटलाइन!” ऐकायला बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं.

करून बघा. १०० मिमी लांब आणि २० मिमी उंच असा एक आयत घ्या. एकशेदहा टक्के केला की ११० बाय २२ झाला. मध्यभागी ठेवला तर डावी-उजवीकडे ५ मिमी जागा सुटली आणि वर-खाली फक्त १ मिमी. याला समान कड कोण म्हणेल? आणि ‘ठ’सारख्या पोकळ अक्षराचं तर आणखी हसं होतं. मोठं केल्यावर आतलं भोकही मोठं होतं, खरं तर मागच्या कडेसाठी ते लहान व्हायला हवं.

बाह्यरेषा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत ऑफसेट, ही वेगळी गोष्ट आहे. आकाराच्या कडेला लागून एक नाणं घरंगळत न्यायचं आणि नाण्याची बाहेरची बाजू जिथून जाते ती रेष धरायची. नाण्याचा व्यास म्हणजे तुमचं अंतर. कड सरळ असेल तर रेष समांतर जाते, बाहेरचा कोपरा आला तर नाणं त्याच्याभोवती वळतं म्हणून कोपरा गोल होतो, आणि आतली खाच अरुंद असेल तर नाणं तिथे शिरतच नाही. बस, एवढंच तत्त्व.

यातून हिशेबही सुंदर निघतो. कुठल्याही बहिर्वक्र आकाराभोवती ‘अ’ अंतरावर गोल कोपऱ्यांची बाह्यरेषा काढली, तर परिमिती बरोबर २π गुणिले अ एवढी वाढते. आकार त्रिकोणी असो, चौकोनी असो, परिमितीतली वाढ तेवढीच! क्षेत्रफळ वाढतं ते परिमिती गुणिले अ, अधिक π गुणिले अ चा वर्ग. स्विस गणिती याकोब श्टायनर यांनी १८४० मध्ये मांडलेलं हे सूत्र. ५० बाय ३० मिमीच्या स्टिकरला ३ मिमीची कड दिली तर परिमिती १६० वरून साधारण १७९ मिमी होते, पण क्षेत्रफळ १५०० वरून २००८ चौरस मिमीवर जातं. म्हणजे ‘जराशी’ कड द्यायला एक तृतीयांश रेडियम जास्त लागलं. मेसचं बिल वाटून घेणाऱ्याला हा आकडा लगेच कळेल.

अर्ध्या अंतराचा नियम

आता मुख्य गोष्ट. दोन तुकड्यांमध्ये फट असेल तर बाह्यरेषा दोन्हीकडून पुढे सरकते. म्हणून फटीच्या अर्ध्याहून जास्त अंतर दिलं की दोन्ही एक होतात. आमच्या पाटीत शब्दांमध्ये १२ मिमी जागा होती. ६ दिले तर रेषा जेमतेम टेकतात, ७ दिले तर व्यवस्थित जुळतात. आम्ही ७ दिले. चार शब्द, दोन ओळी, सगळं मिळून पांढऱ्या रेडियमचा एकच अखंड तुकडा झाला, आणि त्याच्यावर लाल अक्षरं. आता एक मात्रा निघायची म्हटलं तरी आधी सगळी पाटी निघावी लागेल.

पण हाच नियम उलटतो कसा तेही सांगतो. गणपतीच्या दिवसांत मेसच्या फळ्यासाठी ‘आजची भाजी’ असं ठळक कापायचं होतं. (थर्माकोलवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आल्यापासून आमची सगळी आरास कार्डशीटचीच असते, त्यामुळे तेव्हा मशीन मिळालं होतं.) नवीन हत्यार हातात आल्यावर आम्ही ते सगळीकडे चालवत होतो. फाँट बारीक वाटला, म्हणून अक्षरांनाच बाह्यरेषा काढली आणि मूळ अक्षर टाकून देऊन फक्त बाहेरची रेष कापली. ‘भ’ आणि ‘म’ मधला फरक किती असतो? शिरोरेषेतली एक छोटी फट आणि एक गाठ. फट बुजली, गाठ भरून गेली, आणि मेसच्या दारात सुंदर अक्षरांत लागलं: ‘आजची माजी’.

फायनल इयरच्या मुलांनी त्या फळ्याचं काय केलं ते इथे छापण्यासारखं नाही.

हसण्यावारी गेलं, पण मुद्दा गंभीर आहे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांमध्ये अर्थ त्या फटीत साठवलेला आहे. मागची कड जाड असली तरी चालते, कारण वर मूळ अक्षर शाबूत असतं. अक्षर स्वतःच जाड करायचं असेल तर आधी सगळ्यात अरुंद फट मोजायची आणि अंतर तिच्या अर्ध्यापेक्षा बरंच कमी ठेवायचं. आणि ‘चुकलं तर तेवढंच आत घेऊ’ असं समजू नका. ३ मिमी बाहेर जाऊन ३ मिमी आत आलं की मूळ आकार परत मिळतोच असं नाही. एकदा बुजलेली फट बुजलेलीच राहते. (खडबडीत कड गुळगुळीत करायला मात्र हीच युक्ती मुद्दाम वापरतात.)

बटन कुठे आहे?

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. सिल्हूएट स्टुडिओमध्ये ऑफसेट आणि इंटर्नल ऑफसेट दोन्ही आहेत, कोपरा गोल की टोकदार तेही निवडता येतं. क्रिकटच्या डिझाइन स्पेसमध्ये ही सोय बरीच उशिरा, २०२१ च्या सुमारास आली. तोपर्यंत तिथले लोक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बाह्यरेषा काढून आणत. एस.टी. स्टँडजवळचे रेडियमवाले काका कोरल ड्रॉमध्ये कंट्रोल आणि एफ नाइन दाबून ‘कंटूर’ उघडतात आणि आपण पाणी पिऊन येईपर्यंत नंबर प्लेट हातात देतात. इंजिनिअरिंग त्यांनी केलेलं नाही, पण ‘नये’ची कथा ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वेल्ड केलं होतं का रे बाळा?” आम्ही एकमेकांकडे बघितलं.

हॉस्टेलवाल्यांसाठी माझी शिफारस इंकस्केप. २००३ पासून उपलब्ध आहे, फुकट आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी चालतं. जोडाक्षरं नीट दिसतात. क्रम मात्र पाळा: आधी मराठी टाइप करा, मग अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करा, मग युनियन करून सगळे तुकडे एक करा, आणि त्यानंतरच बाह्यरेषा काढा. ‘लिंक्ड ऑफसेट’ वापरलं तर मूळ अक्षर वेगळं राहतं, आणि ते बदललं की रेषही आपोआप बदलते. आमच्या मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर जोडाक्षरं मोडून ठेवायचं, ती डोकेदुखीही यामुळे संपली.

पण परत सांगतो, बटनावर भिस्त ठेवू नका. मार्च २०२१ मध्ये क्रिकट कंपनीने जाहीर केलं होतं, की पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला फक्त २० डिझाइन्स अपलोड करता येतील. लोकांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीला काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. त्यातून घ्यायचा धडा एवढाच, की बटन दुसऱ्याच्या हातात असतं. नाणं घरंगळवायची अक्कल आपली असते, ती कोणी काढून घेऊ शकत नाही.

पांढरी कड म्हणजे टॉलरन्स

छापलेल्या स्टिकरभोवती पांढरी कड असते ती शोभेसाठी, असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. मग एकदा कडेला अगदी चिकटून कापून बघितलं. छपाई आणि पातं यांच्यात एक मिलिमीटरचा फरक पडला, आणि एका बाजूला चित्र कापलं गेलं, दुसऱ्या बाजूला पांढरी चिरी दिसायला लागली. तीन मिलिमीटरची कड दिली तर तोच एक मिलिमीटर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे ती कड म्हणजे मशीन चुकणार आहे याची आधीच दिलेली कबुली. आपण तिला मेट्रॉलॉजीच्या पेपरात टॉलरन्स म्हणतो आणि पाच मार्कांसाठी व्याख्या पाठ करतो.

कोपऱ्यांचंही तसंच. या मशीनचं पातं मोकळं फिरतं, ट्रॉलीच्या चाकासारखं. टोक अक्षाच्या किंचित मागे असतं आणि ओढलं जाईल तसं वळतं. टोकदार कोपऱ्यावर ते अडखळतं, गोल कोपऱ्यावर सहज जातं. शिवाय गोल कोपरा नखाने उचकटत नाही, टोकदार लगेच उचकटतो. गोल कोपऱ्याची बाह्यरेषा हा नखरा नाही, त्यामागे कारण आहे.

आता सी.एन.सी.च्या ओरलचा सीन आठवा. “जी ४१ म्हणजे काय?” “कटर कॉम्पेन्सेशन लेफ्ट, सर!” “कशाला लागतं?” शांतता. मीसुद्धा त्या शांततेत सामील होतो. अहो, १० मिमी व्यासाच्या कटरचा मध्य जर थेट कडेवरून नेला तर ५ मिमी जॉब खाल्ला जाईल, म्हणून मध्य ५ मिमी बाजूने न्यायचा. जाण्याच्या दिशेच्या डावीकडे जी ४१, उजवीकडे जी ४२, रद्द करायला जी ४०. लेसरने कापताना ०.२ मिमी रुंदीचं मटेरियल जळून जातं म्हणून रेष ०.१ मिमी बाहेर घ्यायची, तीही तीच गोष्ट. ‘नये’भोवतीची सात मिलिमीटरची कड आणि मिलिंग मशीनवरची पाच मिलिमीटरची वाट या सख्ख्या बहिणी आहेत. मला हे थर्ड इयरच्या जर्नलने नाही शिकवलं, मोरीत पडलेल्या ‘न’ने शिकवलं.

आक्षेप आणि उत्तरं

एक आक्षेप हमखास येतो: “हे क्राफ्टचं खेळणं. इंजिनिअरिंग कॉलेजात याचं काय काम?” आमच्या स्टाफपैकीही काहींचं हेच मत आहे, आणि त्यांचा आदर राखून मी म्हणेन, सर, महागड्या सी.एन.सी. मशीनवर तुम्ही आम्हाला चूक करू देत नाही आणि ते बरोबरच आहे. टूल तुटला तर खर्च कोण देणार? पण चूक केल्याशिवाय शिकणार कसं? इथे चूक झाली तर वीतभर रेडियम वाया जातं. चुका परवडणारं मशीन हेच शिकायचं मशीन.

दुसरा आक्षेप: “ए-फोरवर प्रिंट काढा, लॅमिनेट करा, चिकटवा. एवढा उपद्व्याप कशाला?” जरूर करा. पण लॅमिनेशनवाला कागदाच्या कडेने दोन-तीन मिलिमीटर प्लॅस्टिक सोडतो ते बघा. ते कागदालगत कापून टाकलं तर पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. तिथेही जागा सोडावीच लागते. नियमातून सुटका नाही!

तिसरा आक्षेप माझ्याच रूममेटचा: “दोन पोरांचं पोट बिघडलं, त्याचं एवढं तत्त्वज्ञान?” याचं उत्तर मात्र हसत देता येत नाही. इथे पाणी होतं म्हणून पोटावर निभावलं. उद्या आपल्यातलाच कोणीतरी सबस्टेशनच्या दारावर ‘हात लावू नये’ लिहिणार आहे. तिथलं ‘नये’ गळून पडलं तर?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, फुकट मागण्या.

एक, ते मशीन कपाटातून बाहेर काढा. एरवी ते कुलपात असतं, किल्ली वर्कशॉपच्या मामांकडे, मामांना परवानगी सरांची आणि सर मीटिंगमध्ये. आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडं ठेवा, रजिस्टरवर सही घ्या, पात्याचे पैसे आम्ही वर्गणीतून देऊ.

दोन, फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये एक छोटा जॉब ठेवा. प्रत्येकाने स्वतःचं नाव मराठीत लिहायचं, बाह्यरेषा काढून एकसंध कापायचं, आणि परिमिती-क्षेत्रफळ आधी सूत्राने काढून मग मोजून बघायचं. दाराला नाव लागेल, आणि जर्नलमध्ये खरी रीडिंग्ज येतील. (कॉपी करता येणार नाही, कारण प्रत्येकाचं नाव वेगळं!)

तीन, हॉस्टेलमधली सूचनेची प्रत्येक पाटी अखंड असावी, सुटी अक्षरं नकोत. आणि चिकटवणाऱ्याने महिन्याने जाऊन ती परत एकदा वाचावी. ही तिसरी मागणी सगळ्यात आधी मला स्वतःला लागू आहे. आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि परत त्या भिंतीकडे फिरकलोच नाही. चूक पात्याची नव्हती.

नवी पाटी लागून वर्ष उलटून गेलं. दोन पावसाळे काढले तिने. एका कोपऱ्याला कोणीतरी नखाने उचकटायचा प्रयत्न केलेला दिसतो, पण कोपरा गोल आहे. बोअरवेलच्या नळाजवळ कधी गेलात तर बघा. ‘नये’ जागेवर आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी